सीबीटी, सायकोडायनॅमिक, इएमडीआर... एवढी नावं आली कुठून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २८, आयटीत नोकरी, वर्षभर झोपेचं पार खोबरं झालंय, मीटिंगच्या आधी पोटात गोळा येतो, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तीन ठिकाणी फोन केले. एकीने सांगितलं आपण सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी) करू, दुसऱ्या म्हणाल्या मी सायकोडायनॅमिक पद्धतीने (मनातले जुने साचे शोधत) काम करते, वर्षभर तरी धरून चाला, तिसरीकडे इएमडीआर (डोळे हलवत त्रासदायक आठवणींवर काम करायची पद्धत) सुचवलं. आणि तुम्ही विचारलंय की यातलं खरं शास्त्र कुठलं, बाकीचे काय दुकान मांडून बसलेत का.

मी २२ वर्षं हे काम करतेय, आधी एका सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात, नंतर डोंबिवलीत स्वतःचं क्लिनिक. दुकानवाले आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी बोलते. पण ही तीन नावं तशी नाहीत. तिन्हीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो इतिहास कॉलेजात शिकवतात तसा नसतो. कॉलेजात आम्हाला शिकवलं फ्रॉइड आला, मग वॉटसन आला, मग रॉजर्स आला, जणू राजघराण्यांची वंशावळ. प्रत्यक्षात बघितलं तर जवळपास प्रत्येक वळणावर एक पेशंट बसलाय, आणि तो डॉक्टरला सांगतोय की बाबा रे, तू करतोयस त्याने मला काही होत नाहीये. ज्या डॉक्टरने ते ऐकलं त्याच्या नावाची थेरपी झाली, ज्यांनी नाही ऐकलं त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

सुरुवात व्हिएन्नाला. १८८० मध्ये योसेफ ब्रॉयर नावाच्या डॉक्टरकडे २१ वर्षांची मुलगी आली, पुस्तकात तिचं नाव ॲना ओ., खरं नाव बेर्था पापेनहाइम. वडिलांच्या आजारपणात त्यांची सेवा करता करता तिचा उजवा हात लुळा पडला, मध्येच जर्मन विसरून ती फक्त इंग्रजीत बोलायची, आणि भर उन्हाळ्यात सहा आठवडे तिने ग्लासातलं पाणी तोंडाला लावलं नाही. तहान लागायची, ग्लास हातात घ्यायची आणि किळस येऊन ढकलून द्यायची, फळांवर भागवायची. एक दिवस संमोहनात असताना बोलता बोलता तिला आठवलं की सोबतीला असलेल्या बाईच्या कुत्र्याने ग्लासातून पाणी प्यायलेलं तिने बघितलं होतं आणि सभ्यपणापोटी ती तेव्हा काही बोलली नव्हती. सगळा राग, किळस बाहेर काढली, पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली. या प्रकाराला 'बोलून बरं होणं' हे नाव तिनेच दिलं, थट्टेत त्याला ती धुराडं साफ करणं पण म्हणायची. म्हणजे आपल्या अख्ख्या धंद्याचं बारसं एका पेशंटने केलंय, डॉक्टरने नाही.

आता यातली गंमत (गंमत कसली खरंतर) अशी की १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइडनी ही केस छापली ती ती बरी झाली असं सांगत, आणि प्रत्यक्षात १८८२ मध्ये उपचार थांबल्यावर लगेच तिला स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं, मॉर्फिनची सवय लागली होती. पुढे काही वर्षांनी ती सावरली, आणि चांगलीच सावरली, फ्रँकफुर्टला अनाथ मुलींसाठी काम केलं, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने तिचं तिकीट काढलं. पण ते श्रेय ब्रॉयरला देता येत नाही. मी हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून यशाच्या गोष्टी जरा फुगवून सांगायची खोड आहे.

फ्रॉइड तेव्हा पॅरिसला शार्को नावाच्या मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला, संमोहन करायचा, पेशंटला प्रश्न विचारून विचारून हैराण करायचा की हे कशामुळे झालं, ते कुठून आलं. एक श्रीमंत विधवा बाई होती, पुस्तकात एमी, ती वैतागून म्हणाली की सारखं हे कुठून आलं ते कुठून आलं विचारू नका, मला जे सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइडने ऐकलं. पुढे जी पद्धत सायकोॲनालिसिस म्हणून प्रसिद्ध झाली, म्हणजे मनात येईल ते न गाळता बोलायचं, तिचा एक धागा इथे आहे. कोचावर झोपवून आपण मागे बसायचं यालाही फार मोठी थिअरी शोधू नका, दिवसाला आठ तास लोकांनी माझ्याकडे टक लावून बघितलेलं मला सहन होत नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

मग १९०० मध्ये डोरा. १८ वर्षांची मुलगी, वडिलांनी आणून बसवलेली. फ्रॉइड तिला तिच्या स्वप्नांचे अर्थ भराभर सांगत सुटला आणि अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, ती उठून निघून गेली ती गेलीच. नंतर त्याने कबूल केलं की तिच्या मनात माझ्याबद्दल काय चाललंय ते मला वेळेत दिसलं नाही. यातून ट्रान्सफरन्सची कल्पना पक्की झाली, आणि माझ्या मते फ्रॉइडचं बाकी सगळं मोडीत काढलं तरी ही एक गोष्ट राहते. साध्या भाषेत सांगायचं तर लहानपणी घरात ज्या रीतीने माणसांशी वागायला शिकलो तीच रीत आपण थेरपिस्टवर पण चालवतो. माझ्याकडे एकजण पाच मिनिटं उशीर झाला की दारातच उभा राहून तीनदा सॉरी म्हणायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, मी पाणी पुढे केलं तरी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी त्याला कधी ओरडले नव्हते. पण त्याच्या घरात उशिराला काय मिळायचं ते मला त्याने सांगण्याआधी दोन महिने कळलं होतं. सायकोडायनॅमिक थेरपी म्हणजे आज हेच, कोच फारसा राहिला नाही, आठवड्याला पाच-सहा वेळा यायची पद्धत नाही, पण तुमच्या नात्यांमध्ये कुठला साचा परत परत उमटतो आणि तो इथे या खोलीत आत्ता कसा उमटतोय हे बघायचं. म्हणून वर्षभर. साचा दिसायला वेळ लागतो, मोडायला त्याहून जास्त.

आपल्याकडे हे किती लवकर आलं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली. फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, आणि तो शिष्याचा नव्हता. त्यांनी सरळ लिहिलं की तुम्ही मुलग्यांमधल्या ज्या भीतीवर (आपलं लिंग कापलं जाईल ही) सगळा डोलारा उभा केलाय ती माझ्या भारतीय पेशंटमध्ये युरोपियनांइतकी ठळक दिसत नाही. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिलं आणि मत काही बदललं नाही. कलकत्त्याहून ७५ व्या वाढदिवसाला पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती मात्र टेबलावर ठेवली. आता तुम्हीच ठरवा.

दुसरीकडे याच काळात काही लोकांना हे बालपण-स्वप्नं प्रकरण मुळातच पटत नव्हतं. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स हिने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, कशी, तर तो आवडीचं खात असताना ससा खोलीच्या पार टोकाला आणायचा आणि हळूहळू जवळ. बास. तिला फार कुणी विचारलं नाही तेव्हा. तीसेक वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे. लष्करात डॉक्टर होता, युद्धातून हादरून आलेल्या सैनिकांना औषध देऊन बोलतं करायची पद्धत होती, ती करून बघितली आणि सैनिक बोलले पण बरे काही झाले नाहीत. तो प्रयोगशाळेत गेला, मांजरांना पिंजऱ्यात घाबरवलं आणि मग पिंजऱ्यापासून लांबच्या खोलीत, मग जरा जवळच्या खोलीत असं खाऊ घालत घालत ती भीती काढली. माणसांसाठी खाण्याऐवजी अंग सैल सोडायला शिकवलं. १९५८ ला त्याचं पुस्तक आलं.

त्याआधी १९५२ मध्ये लंडनच्या हान्स आयझेंकने बॉम्ब टाकला होता, की साध्या मानसिक त्रासाचे दोन तृतीयांश लोक दोन वर्षांत थेरपीशिवायच बरे होतात, मग तुम्ही पैसे कसले घेता. त्याचं गणित बरंच ढिसाळ होतं हे नंतर दाखवलं गेलं, पण त्याच्या त्या चिमट्यामुळे आमच्या क्षेत्राला मोजमाप करायची सवय लागली, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

जोन्स-वोल्पेच्या या वाटेला पुढे बिहेवियर थेरपी म्हणतात, ती कशी दिसते ते जवळून सांगते. एक बाई होत्या, ऑफिसला रोज लोकल, एकदा गर्दीत दारात चेंगरल्या, श्वास अडकला, त्यानंतर चार महिने ट्रेन बंद. ओला-उबरमध्ये अर्धा पगार जात होता. आम्ही कागदावर पायऱ्या लिहिल्या. पहिली, रविवारी दुपारी फक्त स्टेशनच्या ब्रिजवर जाऊन उभं राहायचं. दुसरी, प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून दहा गाड्या जाऊ द्यायच्या. तिसरी, दुपारची स्लो पकडून डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, मग सकाळची साडेआठची. नियम एकच, धडधड वाढली म्हणून मधेच पळायचं नाही, भीती चढते तशी उतरते पण, ती उतरताना आपण तिथे हजर पाहिजे. कोपरला उतरल्यावर बाईंनी मला फोन केला आणि फोनवर रडल्या, चार मिनिटांचा प्रवास. सात आठवडे लागले. यात मी त्यांचं बालपण विचारलं नाही, विचारायची गरज पडली नाही. ओसीडीमध्ये, म्हणजे तासनतास हात धुणं वगैरे, लंडनच्या व्हिक्टर मेयरने १९६६ मध्ये याच धर्तीवर दाखवलं की विधी करूच न देता त्या अस्वस्थतेत बसायला मदत केली तर लोक सुधारतात, आणि आजही ओसीडीसाठी हेच पहिलं. फक्त आपल्याकडे घरचं सोवळं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो यावर आईशी आणि सासूबाईंशी एक वेगळं सेशन घ्यावं लागतं ते पुस्तकात नाही.

कार्ल रॉजर्स. तुम्हाला कुणी सुचवला नाही कारण त्याच्या नावाचं पॅकेज नसतं, पण तुम्ही ज्या कुठल्या बऱ्या थेरपिस्टकडे जाल तिच्या बसण्यात-ऐकण्यात तो असणार. अमेरिकेत रॉचेस्टरला मुलांच्या क्लिनिकमध्ये नोकरी करत होता. एका उनाड मुलाची आई यायची, रॉजर्सला अगदी स्पष्ट दिसत होतं की हिने त्याला लहानपणीच झिडकारलंय, तो तिला परोपरीने ते समजावायचा, ती काही समजून घेईना. शेवटी दोघांनी हार मानली, हात मिळवले, ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांना पण बघता का? परत येऊन बसली आणि नवऱ्याबरोबरचं सगळं बोलायला लागली, जे आधीच्या फाइलमधल्या माहितीपेक्षा पूर्ण वेगळं होतं. मुलगा पण पुढे सुधारला. रॉजर्सने यातून घेतलं की कुठे दुखतंय ते पेशंटलाच माहीत असतं. १९५७ मध्ये त्याने ठाम मांडलं की खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागेवरून समजून घेणं एवढं मिळालं तर माणूस आपला आपण बदलतो. आणखी एक मोठं काम म्हणजे त्याने सेशन रेकॉर्ड केली, १९४२ च्या पुस्तकात एका केसचं अख्खं संभाषण छापलं. त्याआधी बंद दाराआड काय होतं ते फक्त डॉक्टरच्या तोंडूनच कळायचं.

पण रॉजर्स जसाच्या तसा डोंबिवलीत चालत नाही, हे मी पहिल्या सहा महिन्यांत शिकले. "तुम्हाला असं वाटतंय की..." म्हणत राहिलं की समोरचे काका म्हणणार, "मॅडम, ते मीच सांगितलं की आत्ता, तुम्ही काय ते सांगा." आपल्याकडे माणूस सल्ला मागायला येतो, मोठ्या माणसाकडे यावं तसा. मानसोपचारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्येच लिहिलं होतं की भारतात थेरपीच्या नात्याला गुरु-चेल्याचा नमुना जास्त जवळचा आहे. मला त्यात धोकाही दिसतो, गुरु झालं की डोक्यात हवा जायला वेळ लागत नाही, पण निरीक्षण बरोबर आहे. आणि कुटुंब. पाश्चात्य फॅमिली थेरपीचा इतिहास मोठा आहे, बेटसन, सॅटिर, मिनुचिन वगैरे, मी त्यात शिरत नाही, पण पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटच्या नातेवाइकांना तिथेच राहायला लावलं, पेशंटची काळजी घ्यायला लावली आणि त्यांच्याशी रोज बोलले, ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात दोन ओळींत आटपली होती याचा मला अजून राग आहे.

आता सीबीटी. हिचे दोन बाप. एक अल्बर्ट एलिस, न्यूयॉर्कचा. १९ व्या वर्षी मुलींशी बोलायची इतकी भीती की त्याने स्वतःला शिक्षा लावून घेतली, बागेत बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच. त्याच्याच हिशेबाप्रमाणे शंभर जणींशी बोलला, एक भेटायला तयार झाली आणि ती पण आली नाही. पण जीव गेला नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, भीती गेली. पुढे सायकोॲनालिसिस शिकला, करून बघितलं, कंटाळला, आणि १९५५ पासून स्वतःचं सुरू केलं. मुद्दा जुना, ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्टेटसचा, की घटना त्रास देत नाही, घटनेकडे बघायची आपली दृष्टी त्रास देते. मला प्रमोशन मिळालं तर बरं, ही इच्छा. मिळालंच पाहिजे नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट. एलिसचा रोख या 'च' वर. मराठीत तर हे फार छान पकडता येतं, मी पेशंटला त्यांच्या वाक्यातले 'च' मोजायला सांगते. महाराष्ट्रात हे मुंबईच्या कि. मो. फडके सरांमुळे रुजलं, त्यांचा एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि आज मराठीत विवेकनिष्ठ विचार वगैरे शब्द जे सहज वापरले जातात त्यामागे ही मंडळी आहेत.

दुसरा बाप ॲरन बेक, फिलाडेल्फियाचा, रीतसर सायकोॲनालिस्ट. फ्रॉइडची थिअरी होती की डिप्रेशन म्हणजे आत वळलेला राग. बेक ते सिद्ध करायला निघाला, डिप्रेशनच्या पेशंटची स्वप्नं तपासली, तर रागाऐवजी हरणं, नाकारलं जाणं, गमावणं हेच जास्त. तरी तो कोचाची पद्धत चालवत होता. एक पेशंट त्याला आपल्या लैंगिक आयुष्याचं रसभरीत वर्णन सांगत होती आणि अस्वस्थ होत होती. बेकने पाठ केल्याप्रमाणे अर्थ लावला. ती म्हणाली, खरं सांगू का, मला सारखं वाटत होतं की मी तुम्हाला बोअर करतेय. पूर्ण वेळ, सगळ्या बोलण्याच्या मागून, हा एक विचार चालू होता आणि कोणी विचारलाच नव्हता म्हणून तो कधी बाहेर आला नाही. बेकने मग इतरांना विचारलं, तर प्रत्येकाचा असा एक मागचा आवाज निघाला. आपोआप येणारे विचार. त्यांना पकडायचं, कागदावर लिहायचं, पुरावा काय आहे बघायचं, प्रयोग करून बघायचा. १९६१ मध्ये त्याने डिप्रेशन मोजायची प्रश्नावली काढली, १९७७ मध्ये औषधाशी तुलना करणारा पहिला मोठा अभ्यास आला आणि तिथून सीबीटीची गाडी सुटली.

तुमच्या मीटिंगच्या आधीच्या गोळ्याला हे चांगलं लागू पडतं असं मला वाटतं. मीटिंगच्या दहा मिनिटं आधी डोक्यात नेमकं कुठलं वाक्य असतं? "टेन्शन येतं" हे वाक्य नव्हे, त्याच्या मागचं. बहुतेकांना पहिल्यांदा सापडत नाही.

पण माझी एक चूक सांगते, म्हणजे सीबीटी सगळ्यावर लावायची घाई कशी अंगाशी येते ते कळेल (तपशील बदललेत). मी नवीन होते, हॉस्पिटलात, सीबीटीच्या ट्रेनिंगहून नुकतीच आलेली. एक एसटी ड्रायव्हर, पन्नाशीचे, तरुण मुलगा अपघातात गेलेला. मी त्यांना तीन रकान्यांचा कागद दिला, प्रसंग, विचार, भावना, घरून भरून आणा म्हटलं. पुढच्या आठवड्यात आले, शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, उलगडून माझ्यासमोर सरळ केला, कोरा. म्हणाले, "मॅडम, पोरगं गेलं हा विचार चुकीचा आहे का? मग काय लिहू?" मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी मुलाची बाइक कशी घेतली ते सांगितलं, चाळीस मिनिटं, मी गप्प बसून ऐकलं. त्यानंतर ते पाच महिने येत राहिले आणि कागद मी परत काढला नाही.

सीबीटीच्या आत पण हेच झालंय. सिएटलला मार्शा लिनेहान ऐंशीच्या दशकात अशा बायकांबरोबर काम करत होती ज्या परत परत स्वतःला इजा करायच्या, मरायचा प्रयत्न करायच्या. विचार बदला म्हटलं की त्या भडकायच्या, म्हणजे आमचंच चुकतंय का. नुसतं ऐकून घेतलं तर म्हणायच्या, मग मी अशीच मरू का, काही करणार की नाही. दोन्ही बरोबरच होतं. ती झेन बौद्ध मठात जाऊन राहिली, आहे ते आधी पूर्ण मान्य करायचं हे तिथून आणलं, आणि मान्य करणं व बदलणं या दोन्हींना एकत्र धरून डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) उभी केली. २०११ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की १७ व्या वर्षी ती स्वतः हॉस्पिटलात दोन वर्षांहून जास्त होती, अंगावर स्वतःच केलेल्या जखमांचे व्रण घेऊन. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाचून स्वतःच्या बाह्या जरा वर केल्या असतील.

इएमडीआर पटकन उरकते. १९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरोला बागेत चालताना वाटलं की डोळे इकडून तिकडे हलले की त्रासदायक विचारांची धार कमी होतेय, त्यावरून पद्धत निघाली. ऐकायला जादूटोणा वाटतो, मला पण वाटला होता. पण आघातानंतरच्या पीटीएसडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सीबीटीबरोबर हिची पण शिफारस केली. डोळे हलवण्याने फरक पडतो की आठवण सुरक्षित जागी परत अनुभवण्याने, यावर भांडण चालू आहे, मी दुसऱ्या बाजूला झुकते. तुमच्या पोस्टमध्ये अपघात, अत्याचार असं काही नाही. असेल आणि लिहिलं नसेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर फोनवर, तुम्हाला न भेटताच इएमडीआर सुचवणं मला जरा घाईचं वाटतं.

मग कुठली भारी? १९३६ मध्येच सॉल रोझेन्झवाइगने एका बालकथेतल्या डोडो पक्ष्याचा दाखला देऊन म्हटलं होतं की सगळेच जिंकलेत, सगळ्यांना बक्षीस. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून बघितलं, थेरपी न घेतलेल्यांपेक्षा घेतलेले बरेच बरे, पण थेरपी-थेरपीत फरक थोडाच. थेरपिस्टशी जुळणं, दोघांचं ध्येय एक असणं याचा वाटा मोठा आहे हे वारंवार दिसतं. मी डोडोवाली पूर्ण नाही, ओसीडी किंवा फोबियाला नुसत्या गप्पा मारत बसणं म्हणजे पेशंटचा वेळ खाणं. पण तुमच्यासारख्या मिश्र तक्रारीला माणूस कोण हे नावाइतकंच महत्त्वाचं.

आणि डिग्रीचा फार बाऊ नको म्हणून गोव्याचं सांगते. तिथल्या 'संगत' संस्थेने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवलं, त्यांनी गंभीर डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ सेशन दिली, एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यायचे, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक स्पष्ट होता. वापरलं काय, तर बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे मूड चांगला होईल तेव्हा करीन असं न म्हणता आधी करायचं, छोटंसं, अंगणात खुर्ची टाकून बसणं, बहिणीला फोन, मूड मागून येतो. १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसनने सीबीटीचे भाग सुटे करून तपासले होते, तेव्हा हा एकटा भाग अख्ख्या पॅकेजच्या तोडीचा निघाला होता. बेकच्या लोकांना ते फार आवडलं नसणार.

दुकानवाले ओळखायचे कसे. तीन सेशनमध्ये गॅरंटी देणारे, मागच्या जन्मात नेणारे, पहिल्याच दिवशी २० सेशनचे पैसे आगाऊ मागणारे, तुमच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर विचारा, विचारण्यात अपमान नाही, मी माझा भिंतीवर लावलाय. काउन्सेलर हा शब्द मात्र आपल्याकडे कुणीही लावतं, तिथे शिक्षण आणि कुणाच्या सुपरव्हिजनखाली काम करता हे विचारा.

तुमच्याबद्दल, एवढ्या माहितीवर जेवढं सांगता येतं तेवढं. आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्या, वर्षभर झोप नाही म्हणजे ते तपासलंच पाहिजे. वजन उतरत असेल, कामावर जाणं जमत नसेल तर सायकिॲट्रिस्टना पण एकदा भेटा, थेरपी आणि औषध एकमेकांचे शत्रू नाहीत. जगणं नको असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तसं नसेल तर मी सीबीटीवालीपासून सुरुवात करेन, आठ-दहा सेशन, झोप आणि मीटिंग एवढं धरून. त्यातून बाहेर आल्यावर "घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही" हे तसंच राहिलं तर त्या सायकोडायनॅमिकवाल्या बाईंकडे जा, त्यांनी वर्ष लागेल असं तोंडावर सांगितलं हे मला आवडलं.

आणि चौथ्या सेशनला काही हलत नसेल, किंवा त्या बोलत असताना तुमच्या मनात मागे वेगळंच काही चालू असेल, तर ते तिथेच, त्यांच्यासमोर बोला. मेसेज करून बंद करू नका. वाक्य सुचत नसेल तर हे घ्या: "मॅडम, आपण जे करतोय त्याचा मला उपयोग होतोय असं वाटत नाहीये." पुढचे दहा मिनिटं त्या काय करतात ते बघा, आणि मग पाचव्या सेशनचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा.